मोहरी गार पाण्यातच का फेसायची

यंदा पहिल्यांदाच कैरीचं लोणचं एकटीने घातलं आणि पहिल्याच फटक्यात फसलं. म्हणजे खराब झालं असं नाही, बुरशी-बिरशी काही नाही, रंग पण मस्त आला होता, पण चव घेतली तर नुसतं आंबट, खारट आणि मागाहून एक कडवटपणा. बरणीचं झाकण काढल्यावर जे खाडकन नाकात जातं ना, ते गायब. आईला फोन लावला. मीठ किती, हिंग कुठला, कैऱ्या नीट पुसल्या होत्यास का, असं सगळं विचारून झाल्यावर ती एकदम म्हणाली, "मोहरी कशात फेसलीस?" म्हटलं पाण्यात, आणि तेही उकळून घेतलेल्या, लोणच्यात कच्चं पाणी नको ना म्हणून. "मग गार केलंस का ते?"

नव्हतं केलं. घाई होती, रविवार संपत आला होता, किटलीतलं उकळतं पाणी तसंच मोहरीच्या पुडीवर ओतलं आणि मिक्सर फिरवला. आई हसलीच. म्हणाली आजी असती तर तिने पाट्यावरून उठवलं असतं तुला. आजीचा नियम होता की मोहरी गार पाण्यातच फेसायची, नाकाला कळेपर्यंत फेसायची, लिंबू पिळायचं असेल तर त्यानंतर पिळायचं, आणि फोडणी पूर्ण गार झाल्याशिवाय लोणच्यावर ओतायची नाही. का, असं विचारलं की "तशीच करतात" एवढंच उत्तर.

आता लाजेची गोष्ट अशी की मी बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी केलंय. एन्झाइम हा आख्खा पेपर होता आम्हाला. एन्झाइम म्हणजे सजीवांतल्या रासायनिक रिॲक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ, मराठी पुस्तकात त्याला विकर म्हणतात, जे मोबाईलवर टाइप केलं की हमखास विकार होतं, त्यामुळे मी आपलं एन्झाइमच लिहिते. तर त्या पेपरात मला बऱ्यापैकी मार्क पडले होते, ग्राफ काढता येत होते, समीकरण पाठ होतं, आणि तरीही उकळतं पाणी मोहरीवर ओतताना डोक्यात साधी घंटासुद्धा वाजली नाही. आजी चौथी शिकलेली. असो.

ज्यांच्याकडे मोहरी फेसत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मोहरी किंवा मोहरीची डाळ बारीक करायची, थोडं थोडं पाणी घालत पाट्यावर नाहीतर मिक्सरमध्ये घोटत राहायचं, रंग फिकट होतो, फेस येतो, आणि मग एका क्षणी असा काही वास सुटतो की डोळ्यांतून पाणी आणि नाकातून थेट टाळूपर्यंत झिणझिण्या. मग ती लोणच्यात घाला, काकडीच्या कोशिंबिरीत घाला, कोकणात रायवळ आंब्याच्या रायत्यात घाला. आता गंमत बघा, हीच मोहरी आपण रोज फोडणीत टाकतो, तडतडते, पोह्यात येते, आमटीत येते, दाताखाली येते, आणि कधीही नाकात जात नाही. आख्खा दाणा तोंडात टाकलात तरी आधी काहीच लागत नाही, चावल्यावर मात्र थोड्या वेळाने कळतं. म्हणजे तो झणका मोहरीत तयार भरून ठेवलेला नाहीच मुळी. तो आपण फेसतो तेव्हा तिथल्या तिथे बनतो.

बनतो कसा, तर मोहरीच्या दाण्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेल्या असतात. एका प्रकारच्या पेशींत सिनिग्रिन नावाचा पदार्थ, चवीला कडू, वास नाही, तसा गरीब. दुसऱ्या पेशींत मायरोसिनेझ नावाचं एन्झाइम. दाणा आख्खा आहे तोवर दोघांची भेट नाही. दाणा भरडला, पाणी घातलं, भिंती पडल्या की दोघं समोरासमोर येतात आणि मायरोसिनेझ सिनिग्रिनला चिकटलेला ग्लुकोजचा तुकडा कापून टाकतं. बस, एवढंच. ग्लुकोज सुटलं की उरलेला रेणू स्वतःच अस्थिर होतो, आपला आपण उलटापालटा होतो आणि त्याचं अलाइल आयसोथायोसायनेट होतं. हेच ते नाकात जाणारं. ते पटकन उडून जाणारं आहे, म्हणून जिभेपेक्षा नाकाला जास्त कळतं आणि अर्ध्या मिनिटात उतरतंही, मिरचीसारखं बसून राहत नाही. सुशीबरोबर ती हिरवी वसाबी देतात ना, तिचा झणकाही याच रेणूचा.

सिनिग्रिन आणि हे एन्झाइम मिळून मोहरीचं तेज तयार होतं हे फ्रान्समध्ये आंत्वान ब्युसी नावाच्या केमिस्टने १८४०च्या आसपास दाखवलं होतं. आजीच्या पाट्याला हे त्याच्या किती आधीपासून माहीत होतं कोण जाणे.

आता माझी चूक कुठे झाली ते. उकळत्या पाण्याने सिनिग्रिनचं फार काही बिघडलं नाही. ते तसंच राहिलं, म्हणून तर लोणचं कडू लागत होतं. बिघडलं ते एन्झाइमचं. एन्झाइम म्हणजे प्रोटीन, म्हणजे अमिनो ॲसिडची एक लांब माळ, पण नुसती माळ नाही, ती एका ठराविक पद्धतीने घड्या पडून, गुंडाळून, गाठोडं होऊन बसलेली असते, आणि त्या गाठोड्याला एका जागी एक खाच असते. सगळं काम त्या खाचेत. माळेत शेकडो अमिनो ॲसिड असतील पण प्रत्यक्ष कापाकापी करणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, बाकीची सगळी त्यांना योग्य जागी धरून ठेवायला. गरम केलं की गाठोडं सुटतं. माळ तुटत नाही, मणी सगळे आहेत तिथेच आहेत, पण खाच मोडली. अंडं उकडल्यावर पांढरं होतं तेही हेच. आणि उकडलेलं अंडं गार केलं म्हणून परत कच्चं होत नाही, तशी माझी मोहरी गार झाल्यावरही गप्पच राहिली.

फोडणीत तर तेल उकळत्या पाण्यापेक्षाही कितीतरी गरम. एन्झाइमला काही करायच्या आत संपवतं. त्यामुळे फोडणीतली मोहरी खमंग लागते, तिखट नाही. आणि आजी फोडणी गार करून का ओतायची हेही त्यातच आलं.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो वेगळीच गोष्ट समजायला. एन्झाइम हे कॅटॅलिस्ट आहे, उत्प्रेरक, हे वाक्य शाळेपासून पाठ आहे, पुढचं वाक्य पण पाठ आहे की ते रिॲक्शनचा वेग वाढवतं आणि स्वतः खर्च होत नाही. पण वेग वाढवतं म्हणजे नक्की काय करतं? ढकलतं? ताकद देतं? बरीच वर्षं माझ्या डोक्यात असंच काहीतरी होतं, एन्झाइम म्हणजे एनर्जी. आणि ते साफ चूक आहे. एन्झाइम स्वतःची एनर्जी घालत नाही.

मी आता असा विचार करते. पुण्याहून मुंबईला जायचंय. पुणं साधारण ५६० मीटरवर, मुंबई खाली समुद्रसपाटीला, मध्ये घाट. समजा घाटात बोगदे नसते आणि प्रत्येक गाडीला डोंगराच्या माथ्यावरून पलीकडे उतरून जावं लागलं असतं तर किती गाड्या पोचल्या असत्या? ज्यांचं इंजिन दणकट तेवढ्याच. बोगदा काढला की साध्या गाड्याही जातात. पण बोगद्याने पुण्याची उंची बदलली का? मुंबईची बदलली? नाही. मधला चढ तेवढा कमी झाला. एन्झाइम हेच करतं. रेणूला एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना मध्ये एक अवघड अवस्था पार करावी लागते, जुने बंध अर्धवट तुटलेत आणि नवे अजून नीट जुळले नाहीत अशी, तिलाच तो डोंगरमाथा समजा. एन्झाइमची खाच नेमकी त्या अवघडलेल्या अवस्थेला घट्ट धरते, आधार देते, कुठे एखादा प्रोटॉन पुरवते, कुठे झिंकसारख्या धातूचा अणू मदतीला असतो, आणि माथा खाली येतो. ज्या रिॲक्शनला मुळात उतारच नाही तिला एन्झाइम एकटं काही करू शकत नाही.

आणि बोगद्यातून जाता येतं तसं येताही येतं. हे तर मला फार आवडलं. आपल्या रक्तातल्या लाल पेशींमध्ये कार्बोनिक अनहायड्रेज म्हणून एन्झाइम असतं. शरीरात सगळीकडे कार्बन डायऑक्साइड तयार होत असतो, तो पाण्याशी जोडून बायकार्बोनेट करायचं काम याचं, म्हणजे रक्तातून वाहून नेणं सोपं. ते रक्त फुप्फुसात आलं की तेच एन्झाइम उलटं काम करतं, बायकार्बोनेटचा परत कार्बन डायऑक्साइड करून देतं आणि आपण तो श्वासातून सोडतो. त्याला कोणी सांगत नाही की आता दिशा बदल. इथे गर्दी जास्त होती म्हणून तिकडे, तिकडे जास्त झाली म्हणून इकडे. आणि वेग? एकच रेणू सेकंदाला साधारण १० लाख वेळा हे करतो. हे वाक्य वाचून होईपर्यंत एकाने ५०-६० लाख उरकले.

अजून एक आकडा सांगते, कारण तो वाचला त्या रात्री मी नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितला होता. डीएनए-आरएनएची मूळ अक्षरं तयार होताना एक पायरी अशी आहे की तिथे रेणूतून कार्बन डायऑक्साइड काढून टाकावा लागतो. रिचर्ड वोल्फेंडेन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९५ मध्ये मोजून काढलं की एन्झाइम नसेल तर साध्या तापमानाला नुसत्या पाण्यात यातले अर्धे रेणू बदलायला ७ कोटी ८० लाख वर्षं लागतील. म्हणजे डायनोसॉर फिरत होते तेव्हा सुरू केलं असतं तर आता कुठे अर्ध्याच्या पुढे गेलं असतं. आणि आपल्या पेशीतलं एन्झाइम ते सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत करतं. नवरा "बरं" म्हणून परत झोपला.

कुलूप आणि किल्लीची उपमा सगळ्यांनी शाळेत वाचली असेल. एमिल फिशर या जर्मन केमिस्टची ती, १८९४ची. एका एन्झाइमच्या खाचेत एकच प्रकारचा रेणू बसतो, म्हणून मायरोसिनेझ सिनिग्रिनच्या घराण्यातल्या रेणूंनाच हात लावतं, शेजारी पडलेल्या स्टार्चकडे ढुंकून बघत नाही. पण कुलूप ताठ असतं आणि प्रोटीन तसं ताठ नसतं, ते सतत हलत, थरथरत असतं. १९५८ मध्ये डॅनियल कोशलंडने मांडलं की रेणू आत शिरतो तेव्हा खाचही थोडी वळते, मिटते, त्याला कवेत घेते. मला ते कुलपापेक्षा पायमोजासारखं वाटतं, आकार आधीच आहे, पण पाय घातल्यावर तो खरा बसतो.

बरं, पाट्यावर मोहरी वाटण्यासारखंच काम करून एकाला नोबेल मिळालंय हे माहितीये का? एडुआर्ड बुखनर. एकोणिसाव्या शतकात मोठं भांडण चालू होतं की साखरेची दारू होते ती जिवंत यीस्टमुळेच होते का. लुई पाश्चरचं म्हणणं, हो, पेशी जिवंत पाहिजे, जीव नाही तर आंबणं नाही. बुखनरने काय केलं, यीस्ट घेतलं, त्यात वाळू आणि एक प्रकारची भुसभुशीत माती मिसळून खलात इतकं घोटलं की पेशी फुटल्या, मग कापडात घालून दाबून रस काढला. त्याला तो रस औषधाच्या प्रयोगांसाठी हवा होता. टिकावा म्हणून, आपण मुरांब्यात घालतो तशी, भरपूर साखर घातली. आणि रसातून बुडबुडे यायला लागले! एकही जिवंत पेशी नाही आणि साखरेची दारू होतेय. हे १८९७चं. १९०७ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेल. एन्झाइम हा शब्द त्या प्रयोगाच्या वीसेक वर्षं आधी विल्हेल्म क्यूने या जर्मन माणसाने काढला होता, ग्रीक भाषेत अर्थ "यीस्टच्या आत". बुखनरने ते आतलं बाहेर काढून दाखवलं.

आणि ते प्रोटीन असतं हे सिद्ध व्हायला १९२६ उजाडलं. जेम्स समनर, अमेरिकन. सतरा वर्षांचा असताना शिकारीत गोळी लागून डावा हात गेला, आणि तो डावखुरा होता. एका हाताने केमिस्ट्री कशी करशील म्हणून लोकांनी परावृत्त केलं. त्याने नऊ वर्षं खपून जॅक बीन नावाच्या शेंगेच्या दाण्यांतून, आपल्या अबईच्या जातभाईतून, युरिएज हे एन्झाइम स्फटिक करून वेगळं काढलं आणि दाखवलं की हे बघा, प्रोटीन आहे. तेव्हाचे मोठमोठे लोक म्हणाले छे, प्रोटीन नुसतं ओझं वाहणारं, खरं एन्झाइम त्यावर बसलेलं काहीतरी वेगळंच. नोबेल मिळायला १९४६ उजाडावं लागलं. (नंतर काही आरएनएसुद्धा एन्झाइमसारखं काम करतात हे सापडलं, पण तो वेगळा विषय, आपण मोहरीत अडकलोय.)

तर मोहरी. आईशी बोलून झाल्यावर पुढच्या शनिवारी मी ओट्यावर वाट्या मांडल्या. सासूबाई बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत.

पहिल्या वाटीत मोहरीची ताजी पूड आणि गार पाणी. दुसरीत तेवढीच पूड आणि खळखळ उकळतं पाणी, झाकून ठेवलं. तिसरीत पूड, गार पाणी आणि सुरुवातीलाच अर्ध्या लिंबाचा रस. दहा मिनिटांनी हुंगलं. पहिली, आई गं. दुसरी, काहीच नाही, ओल्या पेंडीसारखा वास. तिसरी मवाळ, येतंय येतंय पण रखडत. कारण आंबट झालं की प्रोटीनवरचे विद्युतभार बदलतात, खाचेतलं जुळवून ठेवलेलं गणित विस्कटतं आणि काम मंदावतं. मात्र एकदा झणका तयार झाला की नंतर पिळलेलं लिंबू त्याला टिकवायला मदत करतं, नुसत्या पाण्यात तो हळूहळू विरून जातो. आधी फेस, मग लिंबू. आजी!

खरी मजा चौथ्या वाटीची. दुसऱ्या वाटीतलं ते मेलेलं मिश्रण पूर्ण गार करून अर्धं वेगळं काढलं आणि त्यात ताज्या मोहरीच्या पुडीची फक्त एक चिमूट टाकली. आणि पाचव्या वाटीत नुसतं पाणी आणि तेवढीच चिमूट, म्हणजे चिमटीचा स्वतःचा वास किती ते कळावं. मग कपडे वाळत घालायला गेले, एक फोन आला, तासाभराने परत आले. पाचव्या वाटीत उगाच जराशी चाहूल. आणि चौथी? चढली होती! पहिल्या वाटीइतकी नाही, पण व्यवस्थित नाकात जाणारी. म्हणजे एका चिमटीतलं एन्झाइम आख्ख्या वाटीतलं सिनिग्रिन एकामागून एक कापत बसलं होतं. खर्च होत नाही, हे शाळेतलं वाक्य मला बी.एस्सी.ला नाही, चाळिशीच्या तोंडावर स्वयंपाकघरात कळलं.

वेळ का लागला तर कामाला माणसं कमी. आमच्या स्टेशनबाहेर शेअर रिक्षा आहेत, समजा दहा. गाडी आली आणि तीस माणसं उतरली तर सगळी पटकन जातात. साठ उतरली तरी ओढाताण करून जातात. तीनशे उतरली की मग माणसं वाढली काय न वाढली काय, तासाला जेवढी जायची तेवढीच जाणार, कारण सगळ्या रिक्षा भरून पळतायत. एन्झाइमचंही अगदी तसंच. हा जो ग्राफ वर चढत जाऊन सपाट होतो तो लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन या दोघांनी १९१३ मध्ये बर्लिनमध्ये साखर फोडणाऱ्या एका एन्झाइमवर काम करून मांडला. मेंटेन कॅनडाची डॉक्टर बाई, त्या काळात समुद्र ओलांडून जर्मनीला गेलेली. परीक्षेला आम्हाला दोघांच्या नावाचं समीकरण होतं, पण त्यातली एक बाई आहे हे कोणी सांगितलं नव्हतं, मी आपली दोन दाढीवाले जर्मन समजत होते.

हे डोक्यात बसल्यापासून स्वयंपाकघरात सगळीकडे तेच दिसायला लागलंय. हिवाळ्यात मटार स्वस्त झाले की आपण सोलून, उकळत्या पाण्यातून दोन मिनिटं काढून, गार पाण्यात बुचकळून मग फ्रीझरमध्ये टाकतो. मला वाटायचं रंगासाठी. रंगासाठी आहेच, पण मुळात थंडीने एन्झाइम मरत नाहीत, नुसते सुस्तावतात. कच्चे मटार तसेच ठेवले तर फ्रीझरमध्येही मटारातले एन्झाइम आपलं हळूहळू काम करत राहतात आणि महिन्या-दोन महिन्यांत गवतासारखी चव येते. उकळत्या पाण्याने त्यांना आधी संपवायचं आणि मग गोठवायचं. डेअरीत तर याचा उलटा उपयोग करतात. दुधात मुळातच फॉस्फटेज नावाचं एन्झाइम असतं आणि ते पाश्चरायझेशनच्या तापमानाला, म्हणजे ७२ डिग्रीला १५ सेकंद, जेमतेम संपतं. मग दूध नीट तापलंय का हे बघायला जंतू मोजत बसण्यापेक्षा हे एन्झाइम जिवंत आहे का ते तपासतात. जिवंत सापडलं तर दूध कच्चं राहिलं किंवा त्यात कच्चं मिसळलं.

मटणाला कच्ची पपई लावतात ते सगळ्यांना माहीतच आहे, पपईतलं पपेन प्रोटीन तोडतं. अननसात तसंच ब्रोमेलिन, म्हणून ताजा अननस घातला की जिलेटिनची जेली जमत नाही आणि डब्यातला घातला की जमते, डब्यातला आधी तापवलेला असतो. ताज्या अननसाच्या फोडी दुधाच्या कस्टर्डमध्ये घालून ठेवल्यास तासाभरात ते कडू होतं, हे मी वाढदिवसाला चौदा पाहुण्यांसमोर शिकले आहे, अधिक तपशील देत नाही.

आणि आता एक राग काढून घेते. मागे एका ओळखीच्या बाईंनी मला "लाइव्ह एन्झाइम" असलेलं कसलंसं पेय विकायचा प्रयत्न केला, बाटली दोन हजारांची. म्हणे शिजवल्याने भाजीतले एन्झाइम मरतात म्हणून आपल्याला थकवा येतो. अहो, भाजीतले एन्झाइम भाजीच्या कामाचे! कोबीला जे कापायचंय ते कापणारे. ते आपल्या पोटात गेले की पोटातलं ॲसिड त्यांची घडी मोडतं आणि पेप्सिन, जे स्वतः एन्झाइम आहे, त्यांना बाकी प्रोटीनसारखंच तोडून टाकतं. डाळीच्या वाटीत आणि त्यात प्रोटीन म्हणून काय फरक, किंमत सोडून. अर्थात सरसकट सगळं थोतांड नाही. ज्यांना दूध पचत नाही त्यांना लॅक्टेजच्या गोळीचा उपयोग होतो, कारण ते काम तिथल्या तिथे, खाल्लेल्या दुधावरच करायचं असतं. आणि स्वादुपिंडाचा आजार असलेल्यांना डॉक्टर एन्झाइमच्या कॅप्सूल देतात, त्यांना पोटातल्या ॲसिडपासून वाचवायला खास वेष्टण केलेलं असतं. नेमकं कुठलं एन्झाइम, काय कापायला, कुठे पोचवायचं, ही तीन उत्तरं विकणाऱ्याकडे नसतील तर बाटली परत द्यायची.

मोहरी मुळात हे सगळं आपल्या लोणच्यासाठी करत नाही हेही लिहायला हवं. अळीने पान कुरतडलं की दोन्ही खोल्यांच्या भिंती तुटतात आणि तिच्या तोंडातच झणका उडतो. बहुतेक किडे पळतात. पण कोबीवर पडणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग असतो ना, शेतकऱ्यांच्या डोक्याला ताप असलेला, त्याच्या अळीच्या आतड्यात एक वेगळंच एन्झाइम सापडलं, २००२ मध्ये. ते मायरोसिनेझच्या आधी झडप घालतं, सिनिग्रिनसारख्या रेणूवरचा सल्फेटचा तुकडा कापून टाकतं, आणि मग तो रेणू मायरोसिनेझच्या खाचेत बसतच नाही. म्हणजे बॉम्ब फुटायच्या आधीच वात काढून घेतली. शिवाय या पतंगाला मोहरीचा वास इतका आवडतो की तो अंडी घालायला त्या वासाचाच माग काढत येतो, म्हणून कोबीच्या शेतात मध्ये मध्ये मोहरीच्या ओळी लावायचा सल्ला देतात, पतंग तिकडे जातो आणि कोबी वाचतो.

लोणच्याचं काय झालं ते राहिलंच. चौथ्या वाटीने धीर दिला होता. शिवाय हा झणका नुसता चवीला नसतो, तो बुरशीलाही लांब ठेवतो, त्यामुळे तशीच बरणी वर्षभर टिकेल असा भरवसा वाटेना. पण नुसती कोरडी पूड वरून भुरभुरवून चाललं नसतं, कैरीचा आंबटपणा आणि मीठ यात बिचारं एन्झाइम दबून गेलं असतं. म्हणून तीन चमचे मोहरी ताजी दळली, पाणी उकळून या वेळी रात्रभर गार केलं, वेगळ्या भांड्यात डोळ्यांत पाणी येईपर्यंत फेसली आणि मग बरणीत ओतून लाकडी डावाने खालपासून ढवळलं. दडपण म्हणून वरून अजून थोडं तेल, तापवून गार केलेलं.

आठ दिवसांनी झाकण काढलं तेव्हा सासूबाई पलीकडे भाजी निवडत बसल्या होत्या, त्यांना तिथे बसल्या जागी शिंक आली.